पोलीस नसलेल्या विश्वातलं राज्य : 'ईव्ह ऑनलाइन'चे खेळाडू स्वतःचा कारभार कसा चालवतात

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात एका बँकेपासून करू. २००९ च्या जूनमध्ये एका बँकेच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज उचलले आणि विकून टाकले. २०० अब्ज काय, तर 'इस्क'. 'ईव्ह ऑनलाइन' नावाच्या गेममधलं हे चलन. बँकही गेममधलीच, खेळाडूंनी काढलेली. ती ठेवी घ्यायची, कर्जं द्यायची, व्याज द्यायची. हा प्रमुख ऑस्ट्रेलियात राहणारा एक तरुण. ते इस्क त्याने बाहेरच्या काळ्या बाजारात विकले, साधारण सहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, आणि त्यातून घराची आगाऊ रक्कम आणि मुलाच्या औषधपाण्याचा खर्च भागवला, असं त्यानेच पुढे सांगितलं. बातमी फुटली तसे बाकीचे ठेवीदार पैसे काढायला धावले. म्हणजे आपल्याकडे एखाद्या पतसंस्थेबाहेर रांग लागते, अगदी तसंच.

कंपनीने त्या माणसाला गेममधून काढलं. पण कशासाठी काढलं, ते बघा. गेममधला पैसा खऱ्या पैशाला विकला, हे नियमाविरुद्ध होतं, म्हणून काढलं. ठेवी बुडवणं मात्र नियमात बसत होतं! ठेवी उचलून तो गेममध्येच मजेत राहिला असता, तर कंपनीने बोटही उचललं नसतं. या गेममध्ये फसवणूक, हेरगिरी, विश्वासघात, तिजोरी साफ करणं, हे सगळं खेळाचा भाग मानलं जातं.

मग माझ्या डोक्यात जो प्रश्न येतो तो असा. चोरीला बंदी नाही, तक्रार ऐकणारं कुणी नाही, आणि समोरच्याचं खरं नावसुद्धा ठाऊक नाही. अशा ठिकाणी हजारो माणसं वीस-वीस वर्षं एकत्र कशी राहतात? ती कर भरतात, रात्री तीनला गजर लावून पहाऱ्याला उठतात, आणि एवढं करून निवडणुकाही लढवतात. हे कसं जमतं, ते आज समजून घेऊ.

आधी ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईव्ह हा आइसलँडमधल्या, रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीचा गेम. ६ मे २००३ रोजी सुरू झाला. अंतराळयानं, खाणकाम, कारखाने, व्यापार आणि युद्ध असा सगळा मामला आहे. बहुतेक मोठ्या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंची वाटणी वेगवेगळ्या सर्व्हरवर केलेली असते. एकाच गावाच्या पन्नास प्रती काढाव्यात आणि तुम्हाला त्यातली एक मिळावी, तसं. ईव्हमध्ये चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळं जग एकाच विश्वात आहे. त्यामुळे नाव झालं तर सगळीकडे होतं, आणि नाक कापलं गेलं तर तेही सगळीकडे.

या विश्वात सात हजारांहून जास्त सूर्यमाला आहेत. मधल्या भागात संगणकाने चालवलेले पोलीस आहेत. ते वाचवत नाहीत हं, हल्ला करणाऱ्याला फक्त शिक्षा करतात. कडेचा जो विशाल प्रदेश आहे त्याला खेळाडू 'नलसेक' म्हणतात, म्हणजे सुरक्षा शून्य. तिथे पोलीस नाहीत. पण संपत्ती तिथेच आहे, आणि तिथली जमीन, म्हणजे सूर्यमाला, खेळाडूंना स्वतःच्या ताब्यात घेता येते. आणखी एक. यान फुटलं की फुटलं. ते परत मिळत नाही. महिनाभर राबून घेतलेलं यान दहा सेकंदांत जातं. तोटा खरा असल्यामुळे तिथे राजकारणही खरं आहे.

आता कारभाराकडे येऊ. गेमने दिलेली चौकट म्हणजे 'कॉर्पोरेशन'. तिला एक प्रमुख असतो, त्याच्या हाताखाली डायरेक्टर, मग कोठारं, खाती, सभासदांच्या कमाईवरचा कर. तिचे शेअर काढता येतात, भागधारकांचं मतदान घेऊन प्रमुख बदलता येतो, अशीही सोय आहे. बऱ्याच कॉर्पोरेशन मिळून 'अलायन्स' होतो. गंमत म्हणजे अलायन्स ही गोष्ट खेळाडूंनी आधी केली. सुरुवातीला गेममध्ये तसं बटणच नव्हतं. लोकांनी तोंडी करार करून युत्या बांधल्या, आणि कंपनीने मागाहून त्याला अधिकृत रूप दिलं. कायदा आधी आला की रूढी, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. इथे तरी उत्तर स्पष्ट आहे.

पण ती मतदानाची सोय? नलसेकमधल्या मोठ्या संघटनांमध्ये ती जवळपास कुणी वापरत नाही. तिथे बहुतांशी एकाच माणसाच्या हातात सगळं असतं. इंटरनेटवर जमलेली स्वतंत्र वृत्तीची माणसं, आणि ती राजेशाही निवडतात, हे ऐकून जरा खट्टू व्हायला होतं. पण कारणं पाहिली की उलगडा होतो.

सगळ्यात मोठं कारण हेर. एका खेळाडूची तीन-चार अकाउंट असणं इथे सर्रास चालतं. त्यातलं एखादं शत्रूच्या संघटनेत वर्षानुवर्षं इमानेइतबारे काम करत बसलेलं असू शकतं. म्हणजे तुम्ही सर्वसाधारण सभा बोलावली आणि हल्ल्याची योजना चर्चेला ठेवली, की शत्रू सभेतच बसलेला आहे, टिपणं काढतोय. २००५ मध्ये 'गायडिंग हँड सोशल क्लब' नावाच्या भाडोत्री टोळीने हेच केलं. एका कॉर्पोरेशनमध्ये त्यांनी हळूहळू माणसं पेरली, काहींना अगदी वरच्या विश्वासाच्या जागांवर नेऊन बसवलं. जवळपास वर्षभर ही तयारी चालली. मग एके दिवशी इशारा झाला. प्रमुखाचं यान फोडलं, कोठारं रिकामी केली, आणि सुमारे ३० अब्ज इस्कचा माल गेला. त्या वेळच्या काळ्या बाजाराच्या भावाने साडेसोळा हजार अमेरिकी डॉलर, असा हिशेब छापून आला होता. कंपनीने काही केलं नाही. करायचं कारणच नव्हतं.

अशा ठिकाणी निर्णय चार जणांच्या बंद खोलीत जातात. आणि हल्ला रात्री तीनला झाला तर ठराव मांडून अनुमोदन घ्यायला वेळ नसतो, तेव्हा कुणीतरी एकाने हुकूम द्यावा लागतो.

पण एका हातात सगळं असण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये काय झालं ते सांगतो. 'बँड ऑफ ब्रदर्स' हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य अलायन्स. त्यांचे हाडवैरी 'गूनस्वार्म'. गूनस्वार्मची माणसं मुळात एका विनोदी संकेतस्थळावरून एकत्र आलेली. नवखी, स्वस्त यानं घेऊन झुंडीने लढणारी, आणि टवाळी हा त्यांचा धर्म. दोघांचं युद्ध वर्षानुवर्षं चाललं होतं. हजारो यानं फुटली तरी निकाल लागला नव्हता. तो लागला काही बटणांनी. बँड ऑफ ब्रदर्सचा एक डायरेक्टर फितूर झाला. त्याच्या अधिकारात अलायन्समधून सगळ्या कॉर्पोरेशन काढून टाकणं आणि अलायन्स बंद करणं बसत होतं, आणि त्याने ते केलं. गूनस्वार्मने ते नाव लगेच स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं, त्यामुळे जुन्या मंडळींना ते परत घेताही येईना. एका रात्रीत सगळ्या प्रदेशावरचा ताबा कायद्याने संपला.

आणि गूनस्वार्मचं काय झालं? वर्षभरानंतर, २०१० च्या सुरुवातीला, त्यांच्याच प्रमुखाने तिजोरी उचलली आणि संघटना विसर्जित करून टाकली. ज्यांनी शत्रूला या मार्गाने संपवलं, त्यांना स्वतःच्या घराची किल्ली नीट ठेवायचं सुचलं नव्हतं.

पण ती माणसं पांगली नाहीत, आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. कागदावरचा अलायन्स गेला, पैसा गेला, जमीन गेली. तरी त्यांच्या गप्पांची खोली, त्यांचे विनोद, एकमेकांची ओळख हे सगळं गेमच्या बाहेर होतं, ते शाबूत राहिलं. त्यांनी 'गूनस्वार्म फेडरेशन' नावाने नवा अलायन्स काढला आणि काही वर्षांत गेममधली सर्वांत मोठी आघाडी उभी केली. गेममधलं राज्य म्हणजे गेमबाहेरच्या मंडळाची एक मालमत्ता, असंच म्हणा ना.

या दणक्यानंतर मोठ्या संघटनांचा कारभार बदलला. मालमत्ता एका कोठारात न ठेवता वेगवेगळ्या कॉर्पोरेशनमध्ये विभागून ठेवायची. ज्या कॉर्पोरेशनकडे अलायन्स बंद करण्याचा अधिकार, तिच्यात अगदी दोन-चार माणसं. नवा सभासद घेताना त्याच्या अकाउंटची तपासणी, जुना इतिहास, शिफारस. गेमबाहेरची स्वतःची लॉगिन-व्यवस्था, म्हणजे माणूस संघटनेतून काढला की गप्पांच्या खोलीतूनही आपोआप बाहेर. हेरांवर नजर ठेवणारं वेगळं खातं. हे सगळं करणारी माणसं बिनपगारी, दिवसभर नोकरी करून रात्री हे करणारी.

आता दुसरी बाजू. एवढी एकाधिकारशाही असताना सामान्य सभासद का राहतो? तर तो कधीही जाऊ शकतो. आपल्याकडे हुकूमशहाची प्रजा सीमा ओलांडू शकत नाही. इथे एक बटण दाबलं की दुसऱ्या संघटनेत. तेवढंही नको असेल तर लॉगिनच करायचं नाही. त्यामुळे इथल्या राजाला प्रजेची मनधरणी सतत करावी लागते.

ही मनधरणी कशी चालते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे यानांची नुकसानभरपाई. संघटनेच्या मोहिमेत तुमचं यान फुटलं तर संघटना पैसे देते. त्याची पद्धत सरकारी कचेरीला लाजवेल अशी आहे. यान फुटलं की गेम आपोआप एक पावती तयार करतो, 'किलमेल' म्हणतात तिला. कुणी फोडलं, कधी, यानावर कोणती सामग्री होती, सगळं तिच्यात असतं. ती अर्जाला जोडायची. मोहीम अधिकृत होती का, यान ठरवून दिलेल्या पद्धतीनेच सजवलेलं होतं का, हे तपासणारा कारकून असतो. चुकीची सामग्री असेल तर अर्ज नामंजूर! हे पैसे कुठून येतात? करातून, आणि ताब्यातल्या प्रदेशाच्या उत्पन्नातून. म्हणजे कर, लष्कर आणि विमा या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. नवख्या गरीब खेळाडूला लढाईत उतरवण्याची युक्ती ही आहे. त्याचा तोटा सगळे मिळून वाटून घेतात.

हे मोडतं कसं, तेही बघायला हवं. ईव्हमध्ये तळावर हल्ला झाला की तो लगेच पडत नाही. काही काळ अभेद्य होतो, आणि खरी लढाई पुढच्या ठरलेल्या वेळी होते. म्हणजे युद्ध वेळ ठरवून होतं. त्या वेळेला कोण किती माणसं हजर करतो यावर निकाल लागतो. मग शत्रू काय करतो? तुमच्या गैरसोयीच्या वेळी, रोज, पुन्हा पुन्हा हल्ला करतो. तुम्हाला ऑफिस आहे, घरी बायको रागावलेली आहे. पाच दिवस गजर लावून उठता, सहाव्या दिवशी झोपता. तुमच्यासारखे शंभर जण झोपतात. जे उठले त्यांचा पराभव होतो, म्हणून सातव्या दिवशी तेही उठत नाहीत. या गडगडण्याला खेळाडूंनी 'फेलस्केड' असा शब्द केलाय. अपयशाची घसरण म्हणा. मोठे अलायन्स रणांगणावर क्वचितच मरतात, बहुतेक असेच मरतात. म्हणून इथल्या प्रमुखांची भाषणं, भित्तिपत्रकं, शत्रूची टिंगल, हे सगळं इतकं गांभीर्याने चालतं. उद्या लोकांना लॉगिन करावंसं वाटावं, याचीच ती सगळी खटपट.

आणि साधं कारकुनी काम चुकलं तर काय होतं? २७ जानेवारी २०१४. एका सूर्यमालेवरचा ताबा टिकवण्यासाठी गेमला नियमित बिल भरावं लागायचं. ते एकदा भरलं गेलं नाही. ताबा सुटला, दोन्ही बाजूंची आरमारं धावली, आणि जवळपास एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांवर खेळाडू तिच्यात होते. 'टायटन' हे गेममधलं सर्वांत महागडं यान, बांधायला महिने लागतात. अशी ७५ टायटन फुटली. सगळ्या नुकसानीची किंमत तीन लाख डॉलरच्या आसपास काढली गेली. सोसायटीचं वीजबिल भरायला खजिनदार विसरला तर लिफ्ट बंद पडते, इथे एवढं झालं.

या कारभारातलं एक खातं मला फार महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे परराष्ट्र खातं. कुणाशी मैत्री, कुणाशी तटस्थता, कुणी चुकून मित्राचं यान फोडलं तर भरपाई किती, हे ठरवणारी माणसं. गूनस्वार्मचा असा एक नावाजलेला मुत्सद्दी होता, गेममधलं नाव 'व्हाइल रॅट'. खऱ्या आयुष्यात तो शॉन स्मिथ, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला कर्मचारी. ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातल्या बेंगाझी इथल्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा नलसेकभर खेळाडूंनी आपापल्या तळांची नावं बदलून त्याच्या स्मरणार्थ ठेवली. त्यात त्याच्या विरोधात लढलेलेही होते.

आता आपण मुख्य पेचाकडे येऊ. आतापर्यंत खेळाडू एकमेकांवर राज्य कसं करतात ते पाहिलं. पण या विश्वाचा मालक वेगळाच आहे. कंपनीवर कोण लक्ष ठेवणार?

हा प्रश्न २००७ मध्ये पेटला. कंपनीचाच एक कर्मचारी बँड ऑफ ब्रदर्समध्ये खेळत होता, आणि त्याने यानं बांधण्याचे अतिशय दुर्मीळ आराखडे गैरमार्गाने आपल्या गटाला मिळवून दिले होते, हे उघड झालं. विचार करा, पंचच एका संघाकडून खेळतोय! विश्वासघात चालणाऱ्या गेममध्ये हा विश्वासघात मात्र कुणी चालवून घेतला नाही. खेळाडू एकमेकांना फसवू शकतात, कारण सगळ्यांना सारखीच हत्यारं आहेत. मालकाचं तसं नाही.

कंपनीने अंतर्गत चौकशीचं खातं काढलं. त्याच वर्षी एक अर्थतज्ज्ञही नेमला, आणि गेमच्या अर्थव्यवस्थेचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध व्हायला लागले. आणि एक प्रतिनिधी परिषद काढायचं ठरलं. तिचं नाव 'कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट', थोडक्यात सीएसएम. मे २००८ मध्ये पहिली निवडणूक झाली, नऊ सदस्य निवडून आले, आणि जूनमध्ये कंपनीने त्यांना स्वतःच्या खर्चाने रेक्याविकला बोलावून बैठक घेतली. मतदान किती? साधारण अकरा टक्के. हसू नका. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला किती जण असतात, ते आठवा.

या परिषदेला अधिकार काय? सल्ला देण्याचा. कायदा करता येत नाही, नकाराधिकार नाही. सदस्यांना गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, म्हणजे आतली योजना समजते पण मतदारांना सांगता येत नाही. आणि मत अकाउंटला आहे, माणसाला नाही. ज्याची पाच अकाउंट, त्याची पाच मतं. खरा माणूस कोण हे तपासायचं तर सगळ्यांची ओळखपत्रं मागावी लागतील, ते कुणालाच नको. म्हणून ही तडजोड.

लवकरच संघटित अलायन्सना कळलं की परिषद म्हणजे चांगली जागा आहे. हुकूम सुटला की हजारो मतं एकगठ्ठा पडतात. विखुरलेल्या मतदारांचे दहा उमेदवार एकमेकांची मतं खातात. हे थोडं सुधारावं म्हणून २०१३ पासून पसंतीक्रमाची पद्धत आणली, आपल्याकडे राज्यसभेला असते त्या धर्तीची. पण गठ्ठेवाले त्यातही हुशार निघाले. त्यांनी सभासदांना पसंतीक्रमाच्या तयार याद्याच वाटायला सुरुवात केली.

मग ही परिषद म्हणजे नुसतं शोभेचं बाहुलं का? बरेच खेळाडू तसंच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं, आणि त्यासाठी २०११ चा उन्हाळा बघावा लागेल. जूनमध्ये कंपनीने गेममध्ये कपड्यांचं दुकान उघडलं. त्यात एका डोळ्याचा चष्मा होता, किंमत साठ डॉलरहून जास्त. आधी लोक हसले. तेवढ्यात कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र फुटलं. लोभ चांगला असतो का, असा त्याचा मथळा, आणि पुढे खऱ्या पैशाने ताकदवान यानं, दारूगोळा विकण्याच्या कल्पनेचीही चर्चा. मागोमाग प्रमुखाचं एक पत्र फुटलं. त्याचा आशय असा की खेळाडू बोलतात काय याकडे लक्ष देऊ नका, करतात काय ते बघा.

मग खेळाडूंनी करून दाखवलं. 'जिता' ही ईव्हमधली सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे जमून शेकडो यानं एका पुतळ्यावर गोळीबार करत राहिली. पण त्याहून लागलं ते दुसरं. लोकांनी वर्गण्या रद्द केल्या. कंपनीने परिषदेला तातडीने रेक्याविकला बोलावलं. दोन दिवस बैठक झाली, आणि ताकद विकण्याची योजना नाही, असं दोघांनी मिळून जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये प्रमुखाने जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे वीस टक्के कर्मचारी कमी केले. हे सांगायला हवं, कारण या भांडणाची किंमत ज्यांनी मोजली त्यांतले बरेच जण निर्णय घेणारे नव्हते.

इथे परिषदेने केलं काय? ताकद तिची नव्हती, ताकद वर्गणी थांबवणाऱ्यांची होती. पण कंपनीला बोलणी करायची तर हजारो संतप्त माणसांशी कशी करणार? समोर बसायला निवडून आलेली माणसं तयार होती, म्हणून दोन दिवसांत तोडगा निघाला. संप कामगार करतात, वाटाघाटीला युनियन बसते, तसं हे.

परिषदेचे स्वतःचे डागही आहेत. २००९ मध्ये एका सदस्याला पद सोडावं लागलं, कारण बैठकीत कळलेल्या बदलाच्या आधारे त्याने बाजारात आधीच माल उचलला होता. २०१२ मध्ये तर परिषदेच्या अध्यक्षानेच रेक्याविकच्या मेळाव्यात, मंचावरून, मानसिक त्रासात असलेल्या एका खेळाडूला गेममध्ये छळायला लोकांना सुचवलं. गेममधला खलनायक शोभतो, पण इथे समोर खरा माणूस होता. त्याने माफी मागितली, अध्यक्षपद सोडलं, कंपनीने तीस दिवस बंदी घालून त्याला परिषदेतून काढलं. नुकतीच त्याला दहा हजारांवर मतं पडली होती, तरीही.

आणि २०१९ मध्ये उलटं घडलं. गुप्त माहिती फोडल्याच्या आरोपावरून एका सदस्याला कंपनीने कायमची बंदी घातली, नाव जाहीर केलं. त्याने ठामपणे नाकारलं. काही आठवड्यांनी कंपनीला मान्य करावं लागलं की आरोप टिकत नाही. अकाउंट परत दिलं, माफी मागितली. आधी शिक्षा आणि मग चौकशी! पुढच्या वर्षी मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. माझ्या दृष्टीने त्या परिषदेच्या इतिहासातलं हे सर्वांत चांगलं मतदान.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आपल्याकडची मुलं बीजीएमआय खेळतात, त्यात असं काही का दिसत नाही?

कारण तिथे राखायला काही नाही. शंभर खेळाडू उतरतात, अर्ध्या तासात डाव संपतो, पुढचा डाव कोऱ्या पाटीवर. क्लॅन असतात, पण सामायिक जमीन नाही, तिजोरी नाही, तोटा टिकत नाही. वाटून घ्यायला काही असेल तरच भांडण, आणि भांडण असेल तरच नियम. पण मालकाच्या वरही कुणी असतो, हे मात्र आपल्याकडच्या मुलांनी चांगलं अनुभवलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर सरकारने बंदी घातली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद, मे २०२३ मध्ये परत. लाखो खेळाडूंच्या वतीने कुणी बोलणारं होतं का? मोठे स्ट्रीमर बोलले. निवडून आलेलं कुणी नव्हतं.

प्रश्न : कंपनीने उद्या सर्व्हरच बंद केला तर या सगळ्या राज्याचं काय?

करारानुसार काहीच उरत नाही. सगळं कंपनीचं आहे. २०१८ मध्ये सीसीपी ही कंपनीच कोरियाच्या पर्ल अबिसने विकत घेतली, तेव्हा खेळाडूंचं मत घेण्याचा प्रश्नच नव्हता. २०२२ मध्ये महिन्याची वर्गणी जवळपास पंधरा डॉलरवरून वीस झाली, परिषद असताना.

पण दुसऱ्या एका गेमचं सांगतो. 'सिटी ऑफ हीरोज' हा गेम त्याच्या मालकाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. अर्ज-विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. २०१९ मध्ये उघड झालं की काही जणांनी तो खासगी सर्व्हरवर गुपचूप चालू ठेवला होता, फक्त निवडक लोकांसाठी. बाकीचे भडकले. आम्ही इतकी वर्षं शोक करत होतो आणि तुम्ही आत खेळत होता? शेवटी सगळी सामग्री सर्वांसाठी खुली करावी लागली. त्यातून 'होमकमिंग' नावाचा स्वयंसेवकांचा सर्व्हर उभा राहिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालकाने त्यांना रीतसर परवाना दिला. तिथे खेळायला पैसे लागत नाहीत. सर्व्हरच्या भाड्यासाठी दर महिन्याला वर्गणी उघडतात, आणि लागेल तेवढी रक्कम जमली की बंद करतात.